छबू उठत नाही

लहानपणी माझ्या गोष्टी वाचलेली मुलं आता बाप्ये-बाया झाली आहेत. एखाद्या लग्नात, नाहीतर नांदेडच्या बसस्थानकावर त्यांच्यापैकी कुणीतरी मला ओळखतं, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो. छबू खरीच होती का? होती. आहे. ती माझी धाकटी बहीण. सध्या कंधारला शिक्षिका आहे, गुडघे धरतात म्हणून खुर्चीवर बसून शिकवते, आणि त्या गोष्टींत अर्धा वाटा आपला आहे असं वर्गातल्या पोरांना सांगते. मी त्यावर भांडत नाही. ती गोष्टीत कशी शिरली आणि मग गोष्टीतून बाहेर पडून भर गावात कशी जाऊन बसली, हे मात्र मी अजून कुठं नीट सांगितलेलं नाही. ते आता सांगते. माय गेली, बा गेला. ज्यांना राग यायचा तेही बहुतेक गेले.

आमचं गाव औशापासून एवढ्याच अंतरावर, की सकाळी बाजाराला पायी निघालेला माणूस दिवस मावळायच्या आत घरी येतो. गावाच्या पूर्वेला आमची वस्ती. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी आमच्या माणसांनी धर्म बदलला होता. आम्ही वस्तीला बौद्धवाडा म्हणत होतो, गावाच्या तोंडात मात्र जुनंच नाव बसलेलं. घर धाब्याचं, दोन खणांचं. माय कंधारकडची आणि बा इथलाच, त्यामुळे एकाच चुलीपुढं दोन बोल्या चालायच्या. माय विचारायची, "काय करून राहिली गं?" आणि बा विचारायचा, "काय करूलालीस?" छबू दोघांची हुबेहूब नक्कल करायची आणि दोघांच्याही हातचा धपाटा खायची. माय भाकरी थापायला बसली की काठवटीवर तिच्या हाताचा असा आवाज उठायचा की शेजारणीला कळावं, आज यांच्याकडं पीठ बऱ्यापैकी आहे. भाकरीबरोबर जवसाची चटणी, आणि असली तर अंबाडीची भाजी, वरून करडईच्या तेलाची धार. बा जेवताना बोलत नसे. एरवीही फारसा बोलत नसे. पण बोलला की ते वाक्य लोक पारावर नेऊन परत परत चघळत.

त्या वर्षी पावसानं तोंडच दाखवलं नाही. ज्वारी गुडघ्याएवढी झाली आणि उभ्या जागी वाळून गेली. मग काठवटीवरचा आवाज हळूहळू विरळ झाला आणि सकाळ-संध्याकाळ हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं सुरू झालं. आजही कुणी हौसेनं माडगं करून वाढलं, की मी चवीनं खाते आणि दुसऱ्यांदा घेत नाही. बा पाझर तलावाच्या कामावर दगड फोडायला जायचा, माय माती वाहायला. संध्याकाळी परत आले की दोघांच्या पापण्यांवर सारखीच धूळ असायची आणि छबू म्हणायची, आता तुमी दोघं भाऊ-भाऊ दिसताव.

त्याच वर्षी लातूर जिल्हा झाला. आधी जिल्हा म्हणजे उस्मानाबाद, आणि उस्मानाबाद म्हणजे आमच्या लेखी जवळजवळ मुंबईच. तिथं जायचं तर मुक्काम, भाडं, ओळखीचं कुणीतरी, हे सगळं लागायचं. आता जिल्हा एका यष्टीवर येऊन बसला. गावात गुलाल उधळला, शाळेत साखर वाटली. आमच्या हातावरही पडली, मास्तरांनी जरा उंचावरून टाकली एवढंच. बा म्हणाला, "सरकार जवळ आलंय. आता बगू, त्याला आपलं ऐकू येतंय का." हे वाक्य पारावर बरेच दिवस चाललं.

नव्या जिल्ह्यानं आम्हाला दिलेली पहिली गोष्ट म्हणजे टँकर. आमच्या वस्तीतला आड तळाला गेला होता, गावातल्या खाजगी विहिरींनाही जेमतेमच पाणी उरलं होतं, म्हणून टँकर यायचा आणि गावाच्या सरकारी विहिरीत पाणी सोडून जायचा. लांबूनच त्याची घरघर ऐकू आली की सगळं गाव घागरी घेऊन पळत सुटायचं. गावच्या बाया विहिरीच्या दगडी ओट्यावर चढायच्या, चाकावरून दोर सोडायच्या, पाणी शेंदायच्या. आमच्या बाया खाली थांबायच्या. पायऱ्यांच्या डाव्या अंगाला, जिथं वरचं सांडलेलं पाणी वाहत यायचं, ती आमची थांबायची जागा. वरच्यांचं भरून झालं, आणि त्यातल्या कुणाला दया आली, फुरसत झाली, की ती आमच्या घागरीत वरूनच पाणी ओतायची. त्याला 'वाढणं' म्हणत. विहीर सगळ्यांची आहे असा कायदा होता. पण तो औशाच्या कचेरीत राहायचा, गावात मुक्कामाला येत नव्हता.

थांबणं मोठ्यांना अंगवळणी पडलं होतं. पोरांना पडत नव्हतं. घागरी वाजवायची, एकमेकांच्या झिंज्या ओढायची, रडायची. त्यांना गप्प बसवायचं काम माझ्याकडं आलं आणि मी गोष्ट सांगायला लागले. एक गाढवी होती. तिचं नाव राणी. दुष्काळात ती सगळ्या गावाचं पाणी पाठीवरून वाहायची, पण कुणी तिला पिऊ द्यायचं नाही. एक दिवस राणी भर रस्त्यात बसली. मालक आला, म्हणाला, राणी, ऊठ. मी थांबायची आणि पोरं ओरडायची, राणी उठत न्हाई. मग सरपंच यायचा, फौजदार यायचा, कलेक्टर यायचा, आणि राणी कुणासाठीच उठायची नाही. प्रत्येक टँकरला मी नवा माणूस आणायची. पोरं आता टँकर उशिरा आला तरी चालेल म्हणू लागली. ओट्यावर आपल्या आईच्या पायाशी बसलेली एक मुलगीही ऐकायची. शकू तिचं नाव, व्यंकटराव मालकांची नात, माझ्याच वर्गातली. गावातली निम्मी जमीन मालकांची होती. शकू आधी आमच्याकडं पाठ फिरवून ऐकायची. मग हळूहळू ओट्याच्या कडेला सरकत आली आणि पाय खाली सोडून, हनुवटी हातावर ठेवून उघड उघड ऐकायला लागली.

एका संध्याकाळी चुलीपुढं मी छबूला राणीचा पुढचा भाग सांगत होते. माय माडगं ढवळत होती. तिनं मधेच विचारलं, "ती गाढव कामून केली?" मी म्हटलं, पोरांना जनावरं आवडतात. माय ढवळता ढवळता म्हणाली, "गाढवाला हाणायचं हे लोकाला ठाऊकच हाय. त्यात त्याहिला काय लागतंय? तिला माणूस कर. पोरगी कर. मंग बगू कोण हसतंय." छबूनं तिथल्या तिथं जाहीर केलं की पोरगी करायची तर तिचं नाव छबूच पाहिजे. मी नको म्हटल्यावर तिनं जेवायचं सोडलं, आणि त्या दिवसांत जेवण सोडणं ही आमच्या घरात चेष्टा नव्हती. अशी छबू गोष्टीत आली.

पुढं कितीतरी वर्षांनी एका संपादकांनी मला प्रेमानं सुचवलं होतं, की बाई, तुमच्या गोष्टीतली माणसं ससे-हरणं करून टाका, म्हणजे कुणाला टोचणार नाही, शाळांतूनही पुस्तक जाईल. मी त्यांना मायचं वाक्य जसंच्या तसं ऐकवलं. ते पुस्तक दुसरीकडून निघालं.

गाढवी बसली होती तेव्हा सगळे हसत होते. पोरगी बसल्यावर गोष्टीचा रंगच पालटला. छबू विहिरीच्या ओट्यावर जाऊन बसते. लोक म्हणतात, छबू, ऊठ. छबू उठत नाही. लोक म्हणतात, तहान लागली का? घे, पाणी घे, आणि ऊठ. छबू म्हणते, मला तहान लागली न्हाई. मग काय पाहिजे? दोर पाहिजे. एवढाच तिचा हट्ट. पोरांना हे सवालजवाब पाठ झाले. मी अर्धं म्हणायची, ती अर्धं म्हणायची. खाली उभ्या असलेल्या बाया ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या, आणि वरच्या बायांच्या हातातला दोर मधेच थांबायचा.

शकूनं घरी जेवायच्या पंगतीत विचारलं, आजोबा, छबूला दोर कामून देत न्हाईत? हे आम्हाला नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी बाला बोलावणं आलं, पोरीला घेऊन ये म्हणून. मालक ओसरीवर पान जमवत बसले होते, आम्ही खाली अंगणात उभे. मालक वाईट माणूस म्हणून गावात प्रसिद्ध नव्हते. आजाऱ्याला दवाखान्यात न्यायला बैलगाडी द्यायचे, मयताला लाकडं द्यायचे. मला जवळ बोलावून त्यांनी शाळेत कितवा नंबर येतो विचारलं. पहिला म्हटल्यावर चांगलं आहे म्हणाले. मग बाला म्हणाले, की लेकरं आहेत, बोलतात, पण आजकाल दिवस कसे आहेत तुला ठाऊक आहे, उगीच गावात तकरार नको, पोरीला सांग गोष्ट बदल म्हणून. त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. बानं खांद्यावरचा टॉवेल काढला, झटकला, परत खांद्यावर टाकला. म्हणाला, "मालक, ती लेकराची गोष्ट हाय. त्यात तुमी तुमाला दिसलाव, त्याला पोरगी काय करंल?"

मालकांनी जमवलेलं पान तोंडात टाकलं. जा, एवढंच म्हणाले.

पुढच्या टँकरला आमच्या बाया नेहमीच्या जागी जाऊन थांबल्या आणि वरच्या बायांनी आपापलं भरलं, घागरी डोक्यावर घेतल्या आणि त्या निघून गेल्या. कुणी शिवी दिली नाही, कुणी नाही म्हटलं नाही. नुसतं कुणी वाढलं नाही. दोर गुंडाळून मालकांच्या गड्यानं नेला. आमच्या घागरी जशा नेल्या तशा परत आल्या. मग ओढ्याच्या कोरड्या वाळूत झिरे उकरणं सुरू झालं. हातानं खड्डा करायचा, वाट बघत बसायचं, तळाशी वाटीभर गढूळ पाणी साचलं की ते फडक्यातून गाळून घ्यायचं. माय कामावरून येऊन ओढ्याला जायची, मी शाळेतून. नखांत वाळू जाऊन बोटं सुजली. वस्तीतली लेकरं जुलाबानं पडली. आणि वस्तीच आमच्यावर उलटली.

धुरपताआजी आमच्या वस्तीतली सगळ्यात जाणती बाई. तिनं आमच्या दारात येऊन मायला सुनावलं, की पोरीच्या जिभेपायी सगळ्यांचे रांजण कोरडे पडले. ती उगीच बोलत नव्हती. काही वर्षांमागं मराठवाड्यात गावोगाव आमची घरं जळाली होती, त्यात तिच्या लेकीचं घर गेलं होतं. तेव्हापासून ती गावातल्या कुणाच्या आवाजात जरा जरी फरक पडला तरी आधी पोरं मोजायची, मग गाठोडं बांधायची. तिचं म्हणणं साधं होतं, मालकांकडं जा, चुकलं म्हण, पोरं जगव. ती गेल्यावर मी मायला म्हटलं, मी आता गोष्ट सांगत नाही. मला खरंच भीती वाटत होती. छबूला जुलाब होत होते, तिचे डोळे खोल गेले होते. माय तिचे पाय चोळत बसली होती. वर न बघता म्हणाली, "तू गोष्ट बंद केली तर उद्या पाणी वाढतील. परवा म्हणतील शाळा बंद कर, मंग वाढू. मंग काय काय बंद करत राहायचं?"

बानं विचारलं, "मंग करायचं काय?"

माय म्हणाली, "जिल्हा जवळ आलाय म्हणत व्हताव ना. बगून येऊ."

माय, मी, आणि वस्तीतल्या दोन बाया, सुंदराकाकू आणि तिची जाऊ, असे आम्ही पहाटे पायी औशाला आलो आणि तिथून यष्टीनं लातूरला. मी लातूर पहिल्यांदा पाहिलं. मला वाटलं होतं जिल्हा म्हणजे किल्ल्यासारखं काहीतरी असेल. निघाली एक साधी इमारत, चुन्याचा वास येणारी, आणि व्हरांड्यात अजून दोरीनं बांधलेली टेबलं-खुर्च्या. कुणाला कुठं भेटायचं हे तिथल्या माणसांनाच नीट ठाऊक नव्हतं, आणि त्याचा आम्हाला फायदा झाला. कारण आम्हाला बाहेर काढायचं कुणी हेही ठरलेलं नव्हतं. आम्ही व्हरांड्यात बसून राहिलो. दुपारी एक तरुण साहेब आपली खुर्ची आपणच उचलून नेताना आमच्या पायांत अडखळले आणि विचारते झाले, की तुम्ही कोण.

बाया एकमेकींकडं बघू लागल्या. मायनं मला कोपरानं ढकललं. म्हणाली, "तू सांग. तुला सांगता येतं." मग मला जे येत होतं तेच मी सुरू केलं. एक गाव होतं. तिथं एक विहीर होती. साहेब खुर्ची खाली ठेवून हसले, लेकरू गोष्ट सांगतंय असं त्यांना वाटलं. मायनं माझा दंड धरला. असा, की तो मला अजून जाणवतो.

"गाव व्हतं न्हाई," ती म्हणाली. "गाव हाय. नाव सांग."

मी गावाचं नाव सांगितलं. मग विहिरीची जागा, थांबायची जागा, मालकांचं नाव, गड्यानं नेलेला दोर, झिरे, छबूचे जुलाब. सांगत गेले तसा माझा आवाज मोकळा होत गेला. साहेबांचं हसू केव्हाच गेलं होतं. ते म्हणाले, म्हणजे तुम्हाला पाणी मिळत नाही, वेगळा टँकर पाठवतो तुमच्या वस्तीवर. त्यांना वाटलं त्यांनी मोठंच काम केलं, आणि तहानलेल्या माणसाला खरं तर ते मोठंच होतं. सुंदराकाकू हात जोडायला लागली होती. मी मायकडं पाहिलं. तिचा चेहरा दगडासारखा. मी म्हटलं, "वेगळा नको साहेब. विहिरीतच सोडा. आमाला शेंदायचंय."

आज साठीकडं झुकताना मी त्या मुलीकडं बघते आणि मला तिचा हेवा वाटतो. एवढं सरळ वाक्य मला पुढं कुठल्याच गोष्टीत लिहिता आलं नाही.

पुढच्या टँकरमागून एक जीप आली. तिच्यातून उतरलेल्या माणसांनी विहिरीवर सगळ्या गावाला गोळा करून मोठ्यानं सांगितलं, की विहीर सरकारी आहे, पाणी सरकारी आहे, कुणी कुणाला अडवायचं नाही. मालक पुढं उभे राहून ऐकत होते आणि मान हलवत होते. मग त्या माणसांनी मालकांच्या ओसरीवर चहा घेतला, आणि जीप निघून गेली. धूळ खाली बसेपर्यंत कुणीच हललं नाही. वर गावच्या बाया, खाली आमच्या. आमच्यातल्या निम्म्या आल्याच नव्हत्या. धुरपताआजी लांब लिंबाखाली काठीवर हनुवटी टेकून बसली होती. बा आणि वस्तीतले बाप्ये तिच्यामागं उभे होते. बाप्ये पुढं आले तर मारामारी होईल, बायांनीच जायचं, असं आदल्या दिवशी ठरलं होतं.

मायनं पदर खोचला, बादली आणि नवा दोर घेतला आणि ती पायरी चढली. मालक खालच्याच आवाजात म्हणाले, "रखमा, जीप गेली."

माय म्हणाली, "गेली की मालक. मी हाय."

तिनं दोर चाकावर टाकला. आणि मग अशी गोष्ट झाली जी मी कुठल्या गोष्टीत घातली असती तर कुणाला पटली नसती. मायला चाकावरून पाणी शेंदता येईना. आमच्या आडावर चाक नव्हतं, ती हातानं ओढून शेंदायची. चाकावरचा दोर कसा सोडायचा, बादली पाण्यात कशी झटका देऊन बुडवायची, तिला काहीच अंदाज नव्हता. बादली नुसती पाण्यावर तरंगली आणि वर आली ती तळाशी ओंजळभर पाणी घेऊन. वरच्या बायांतली एक हसली, मग बऱ्याच हसल्या. मायच्या मानेवरची शीर मला खालून दिसत होती. तिनं बादली परत सोडली.

तेवढ्यात मालकांचा गडी पुढं आला आणि त्यानं दोराला हात घातला. त्याचा हात दोरावर, मायचे दोन्ही हात दोरावर, बादली खाली लोंबकळतेय. बाप्ये लिंबाखालून निघाले. त्या क्षणी काय झालं असतं ते मला आजही बघवत नाही. पण त्याआधी छबू माझ्या हातातून निसटली. आजारानं काडी झालेली पोर, पायऱ्या चढून गेली आणि गड्याच्या पायापुढं, ओट्याच्या ऐन मधे, मांडी घालून बसली. गडी तिच्यावरून पडतापडता राहिला. त्यानं दोर सोडला. म्हणाला, ए पोरी, ऊठ.

छबूनं वर बघून सांगितलं, "छबू उठत न्हाई."

मग आमची सगळी पोरं गेली. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. एकामागून एक वर चढली आणि चाकाभोवती बसली. मीही गेले. गडी मालकांकडं बघायला लागला, मालक पोरांकडं. लेकरांवर हात टाकायचा हुकूम देणं त्यांना जमेना, आणि मागं फिरणंही जमेना. माय दोर खाली सोडत होती, चाक करकरत होतं. आणि ओट्याच्या पलीकडच्या कडेवरून शकूचा आवाज आला. ती कुणाच्या बाजूनं बोलली नव्हती. पोरांच्या तोंडात सवालजवाब बसलेले असतात, एकानं एक म्हटलं की दुसऱ्याच्या तोंडून पुढचं येतंच, तसं तिच्या तोंडून आलं.

"तहान लागली का?"

"न्हाई," सगळी पोरं म्हणाली.

"मग काय पाहिजे?"

"दोर पाहिजे."

शकूच्या आईनं तिचं बखोट धरून तिला खाली ओढलं आणि घराकडं नेलं. पण मायची बादली तोवर पाण्यात बुडाली होती. ती तिनं ओढली. हात अदलाबदली करत, पाय ओट्याला रोवून, सावकाश. बादली काठोकाठ भरून वर आली. मायनं ती आपल्या घागरीत ओतली आणि मग बाजूला होऊन दोर सुंदराकाकूच्या हातात दिला. लिंबाखालून धुरपताआजी उठली, काठी टेकत पायरीपाशी आली, आणि आपल्याला चढवा म्हणून तिनं हात वर केला. तिच्यानं बादली ओढवली नाही. तिनं नुसता दोराला हात लावला आणि बराच वेळ तो तसाच ठेवला.

हे लिहिताना मला सुखाचा शेवट करायचा मोह होतो, पण तसं घडलं नाही. गावच्या बऱ्याच घरांनी ती विहीर काही महिने सोडली आणि मालकांच्या मळ्यातून पाणी न्यायला सुरुवात केली. शकूला हिमायतनगरला मामाकडं पाठवून दिलं. ती परत आमच्या शाळेत आली नाही, आणि वर्गात तिच्या जागेवर बरेच दिवस कुणी बसलं नाही. खळ्यावरची, शेतातली सगळी कामं आम्हाला बंद झाली. पाऊस पडल्यावरही पेरणीला कुणी बोलावलं नाही. गावाला वाटलं आता ही माणसं वाकतील. पण नव्या जिल्ह्याला कचेऱ्या पाहिजे होत्या, साहेबांना बंगले पाहिजे होते, आणि ते बांधायला माणसं पाहिजे होती. माय आणि बा लातूरला बांधकामावर जाऊ लागले. तिथंच एका पत्र्याच्या खोपीत आठवडाभर राहायचे आणि आमच्याकडं धुरपताआजी बघायची. तिनं स्वतःच तसं सांगितलं होतं.

गावच्या बाया हळूहळू सरकारी विहिरीवर परत येत होत्या. कुणी आमच्या आधी यायची, कुणी नंतर, बोलत कुणी नव्हतं. माय मात्र आठवड्याच्या मधेच कामाचा खाडा करून एकदा घरी यायची, यष्टीनं औशापर्यंत आणि पुढं पायी. चुन्यानं तिच्या हातांची सालं निघालेली असायची. आल्या आल्या ती घागर आणि दोर घ्यायची आणि विहिरीवर जाऊन भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, पाणी शेंदायची. एकदा ती अशीच आली. मी आणि छबूनं सकाळीच पाणी भरून ठेवलं होतं, रांजण तुडुंब होता, घागरीही भरलेल्या. माय थकून भिंतीला टेकली होती. थोड्या वेळानं उठली आणि एक भरलेली घागर तिनं परसातल्या पपईच्या रोपाला ओतली. रिकामी घागर कमरेवर घेतली.

मी म्हटलं, माय, घरात पाणी हाय की. खाडा करून, पायपीट करून, पाण्यासाठी कशाला जायचं?

ती दाराबाहेर पडली होती. मागं वळून म्हणाली, "पाण्यासाठी कोण जातंय?"